गोल पडत नाही

सीपीआरच्या मागच्या जिन्याखाली, जिथं
वॉचमनचा डबा आणि आमचा इन्क्युबेटर
एकाच भिंतीला टेकून तापतात,
तिथं मी रोज सकाळी बशा उघडते.

नंबर सोळाशे बेचाळीस. पुरुष. वय सत्तावीस. हुपरी.
धंदा : चांदीकाम.
तक्रार : तीच. वेळ : तिसरी.

पहिल्या वेळी तो गावातल्या मेडिकलसमोर
गिऱ्हाईकं पांगेपर्यंत थांबला.
पुडीत तीन गोळ्या मिळाल्या,
वर एक फुकट, "जपून ऱ्हा मर्दा."
दोन गोळ्यांत बरं वाटलं.
तिसरी पाकिटात राहिली, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.

दुसऱ्या वेळी आमच्याकडं. राखाडी किट.
समुपदेशक बाईंसमोर बसून
तो भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलला.
बायकोला आणा म्हटल्यावर,
"म्हायेरला हाय."
कुठं माहेर?
"इचलकरंजी."
आम्ही दोघी हसलो नंतर. इचलकरंजी!
हुपरीवरनं हाक मारली तर ऐकू जाईल.

माझे सासरे याला परमा म्हणत.
त्यांच्या तरुणपणी एका सुईत जायचा म्हणे.
म्हणजे त्यांचा नव्हे, एका मित्राचा.

मेंढीचं रक्त तापवलं की चॉकलेटी होतं,
त्यावरच हा वाढतो. लाडावलेला.
वाळला की मरतो, गारठला की मरतो,
नुसत्या हवेवर भागत नाही याचं.
म्हणून बशी बरणीत ठेवायची,
शेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं.
ज्योत आपली आपण विझते,
आणि तिच्या उरलेल्या श्वासावर
हा रात्रभर वाढतो.
इतका नाजूक जीव,
आणि औषधं पचवून बसलाय.

काचेखाली गुलाबी, दोन दोन,
घेवड्याच्या बियांसारखे, पोटाला पोट लावून.
एकटा असा कुणी सापडत नाही.

बशीवर औषधाच्या सहा टिकल्या.
टिकलीभोवती स्वच्छ गोल पडला तर औषध लागू.
पहिलीभोवती नाही.
दुसरी, तिसरी, चौथी : पार कडेला येऊन टेकलेत,
पेट्रोल महागणार कळल्यावर पंपावर टेकतात तसे.
पाचवीला पट्टी लावली. पुन्हा लावली. नाही.
सहावी आम्ही शेवटची म्हणून राखतो.
तिचा गोल आहे. पण गेल्या साली
रुपयाएवढा पडायचा, आता चार आण्याएवढा.

तो खिडकीशी येऊन उभा राहिला.
नियमात बसत नाही, तरी लांबूनच दाखवली बशी.
इथं गोल पडायला हवे होते, म्हटलं.
तो बघत राहिला, कारागिरानं
दुसऱ्याचं काम बघावं तसा.
"मी दिसाला बाराशे कड्या वळतो, मॅडम. पैंजणाच्या.
एक वाकडी निघत न्हाई."
मग खिडकीची जाळी नखानं खरवडत,
"तिला पण आसंल का ह्ये? तिला तर काय तरास न्हाई."
बायकांना बऱ्याचदा कळतच नाही, म्हटलं.
"तिला सातवा लागलाय. म्हणून तर म्हायेरला."

माझ्या हातातलं पेन
कितीतरी वेळ टोपणाशिवाय होतं.
बाळाच्या डोळ्यांचं मी काही बोलले नाही.
ते डॉक्टर सांगतील. कुणीतरी सांगेल.
मी एवढंच म्हटलं, ओपीडी एकपर्यंत असते,
आज जा, उद्या पहिल्या गाडीनं घेऊन या.
"तिला काय सांगू?"
याला टिकली नाही आमच्याकडं.

रिपोर्टवर पाचदा तेच अक्षर लिहिलं.
घरी गेल्यावर फ्रीज उघडला.
अंड्यांच्या खणात अर्धी पट्टी,
धाकट्याच्या खोकल्याची,
चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मीच थांबवलेली.
परत ठेवली. मग काढली. मग कळेना
टाकायची कुठं.

नंबर सोळाशे एकोणपन्नास. स्त्री. वय बावीस. इचलकरंजी.
धंद्यापुढं रेघ.
बरणीत नवी मेणबत्ती लावली,
झाकण घट्ट केलं,
आणि ती विझायची वाट बघत उभी राहिले.